काकडीची कोशिंबीर आणि मिठाची वेळ

वैशाखमासीं आमच्या नवी मुंबईंत खाडीवरून येणारी हवा इतकी दमट असते कीं, अंगावरील घाम वाळत नाहीं, आणि घाम न वाळल्यामुळें अंगही निवत नाहीं. घामावाटें पाणी व क्षार मात्र जातच राहतात. अशा दुपारीं अन्नावरची वासना उडते. मग ताटाच्या डाव्या बाजूस वाढलेली काकडीची कोशिंबीर हीच काय ती मनापासून खावीशी वाटते.

वाशीच्या घाऊक बाजारांत नाशिक, पुणें इत्यादि जिल्ह्यांतून भाजीच्या मालमोटारी रात्रीं घाट उतरून येतात. काकडींत शेंकडा सुमारें 95 भाग पाणीच असतें, व वेलीवरून तोडल्यावर तें हळूहळू उडूं लागतें. म्हणून घेतांना ती बोटानें दाबून पहावी. टणक असेल तीच घ्यावी.

काकडी धुवावी ती चिरण्यापूर्वीं. चिरल्यावर धुतल्यास ‘क’ जीवनसत्त्व पाण्याबरोबर वाहून जातें. मोरबे धरणाचें पाणी शुद्ध करून आपल्या नगरांत येतें खरें, परंतु इमारतीवरील टांकी कित्येक महिने धुतलेली नसेल तर त्या शुद्धतेचा उपयोग काय? विषमज्वर, पटकी व कावीळ दूषित पाण्यावाटें पसरतात, आणि कच्च्या भाजीला चुलीच्या आंचेचें संरक्षण नसतें. शंका असल्यास उकळून निवविलेलें पाणी वापरावें. हात, विळी व भांडें हींही स्वच्छ हवींत. देठाकडील तुकडा कापून एक फोड चाखावी. फार कडू लागली तर ती काकडी टाकून द्यावी. कडू अंशानें पोट बिघडतें. येथें काटकसर नको.

आतां मुलांनो, एक प्रयोग करा. एकाच काकडीच्या बारीक फोडी दोन वाट्यांत सारख्या घाला. एकींत अर्धा चमचा मीठ कालवा, दुसरी तशीच ठेवा. अर्ध्या तासानें पाहाल तर पहिल्या वाटींत पाणी सुटलेलें व फोडी मलूल झालेल्या दिसतील. काकडीच्या सूक्ष्म पेशींचें आवरण असें असतें कीं, त्यांतून पाणी सहज जातें, मीठ मात्र सहज जात नाहीं. बाहेर मीठ अधिक झालें कीं आंतील पाणी तिकडे ओढलें जातें. लोणच्याच्या कैरीस मीठ लावतात तेव्हां घरांत हेंच घडत असतें; पण तेथें पाणी सुटणें इष्ट, येथें अनिष्ट. कित्येक घरीं तें पिळून मोरींत ओततात. आम्हांस हें पाहवत नाहीं. पाणी सुटलेंच तर त्यांत थालीपिठाचें पीठ भिजवावें.

यास्तव काकडी चोचवून तींत भाजलेल्या दाण्यांचें कूट, खवलेला नारळ, मिरची, कोथिंबीर व चिमूटभर साखर घालावी. वरून तूप-जिऱ्याची फोडणी द्यावी, लिंबू पिळावें. कूट थोडेंबहुत पाणी शोषून घेतें. पानें मांडून मंडळी बसलीं म्हणजेच मीठ घालावें.

शाळेच्या डब्यांतील कोशिंबीर मधल्या सुटीपर्यंत पाणचट होते, आणि मुलें ती तशीच परत आणतात. ह्यांत दोष मुलांचा नाहीं, आईच्या हाताचाही नाहीं. डब्यांत कोशिंबीर अळणीच भरावी, व सोबत मिठाची एक लहानशी पुडी द्यावी.