परिचारिका घडते कशी?

दवाखान्यात नर्सच्या हातून काही चुकले, की आपण तिला नावे ठेवतो. तिला शिकवले कोणी, हे कुणी विचारत नाही. आज त्या शिकवणाऱ्याबद्दल लिहितो, आणि सुरुवात माझ्यापासूनच.

काही वर्षांपूर्वी शेणव्याजवळच्या एका पाड्यावर गरोदर स्त्रियांची तपासणी होती. मदतीला नर्सिंगच्या शिकाऊ मुली होत्या. सकाळी एकीने रक्तदाबाचा पट्टा सैल बांधला, म्हणून मी तिला सर्वांदेखत झापले. दुपारी सातवा महिना लागलेली एक बाई माझ्यासमोर आली. कार्डावर १२०/८० लिहिलेले. पण बाईचे डोके दुखत होते, चेहऱ्यावर सूज होती. मी पुन्हा मोजले, तर १५०/१००! त्याच मुलीला विचारले. ती रडत म्हणाली, "सर, मला ठोके ऐकूच आले नाहीत. विचारायची भीती वाटली."

गरोदरपणी रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर गेला, की ती धोक्याची खूण. पुढे झटके येऊन आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकते. बाईला लगेच शहापूरला पाठवले, ती सुखरूप राहिली. पण तो खोटा आकडा मुलीने लिहिला असला, तरी लिहायला लावला मी.

१९७० साली अमेरिकेत रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी एक निबंध लिहिला. पुढाऱ्याने आधी सेवक व्हावे, आणि हाताखालची माणसे वाढली का, यावरून त्याची परीक्षा करावी, असे त्यांचे म्हणणे. नेमके त्याच साली आपल्याकडे जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने काम सुरू केले. खेड्यातल्या बायका, त्यातल्या कित्येक निरक्षर, त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केल्या. त्यांच्याबरोबर बसून, त्यांचे ऐकून घेत शिकवले. त्या बायका गावात बाळंतपणे करू लागल्या, मुलांची वजने घेऊ लागल्या. आरोळ्यांना १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

सेवक म्हणजे लाड करणारा नव्हे. हात न धुता कुणी सुई उचलली, तर मी आजही अडवतो; मात्र बोलायचे ते बाजूला घेऊन. पहिला पट्टा मी स्वतः बांधतो. "ऐकू आले नाही" हे उत्तर बरोबर धरतो आणि दोन कानांची नळी लावून तिच्याबरोबर पुन्हा ऐकतो. वेळ जातो, बाहेरची रांग कुरकुरते.

मागच्या तुकडीतल्या एका मुलीने मात्र मलाच थांबवले. "सर, या ताई आत्ताच चढ चढून आल्यात. पाच मिनिटं बसू द्या ना, मग मोजू."

मी पट्टा सोडला.