रेहेकुरीचे काळवीट

मित्रांनो, यंदा दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरची मंडळी मामांच्या जीपमधून फिरून आलो. त्या प्रवासात मला जे शिकायला मिळाले, ते मी इथे लिहीत आहे. त्यात माझी एक चूकही आहे. ती मी लपवणार नाही.

आजीला राशीनच्या यमाईचे दर्शन घ्यायचे होते. आजी, अण्णा, आई, मी, धाकटी बहीण आणि मामा-मामी असे आम्ही सातजण पहाटेच निघालो. बरोबर भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी गुडघाभर आली होती. राशीनला दर्शन झाले, हलत्या दीपमाळा पाहिल्या. मग मामा म्हणाले, "कर्जत जवळच आहे. चला, पोरांना काळवीट दाखवू." अण्णा म्हणाले, "आपल्या रानात रोज येतात की. ते पाहायला एवढ्या लांब कशाला?" पण मामांनी जीप वळवलीच.

रेहेकुरी हे गाव कर्जत तालुक्यात, अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. या जिल्ह्याला पूर्वी अहमदनगर म्हणत. खास काळविटांसाठी इथे १९८० साली अभयारण्य झाले. ते फक्त २१७ हेक्टरांचे, म्हणजे साडेपाचशे एकरांनाही थोडे कमी आहे. मला वाटले होते, अभयारण्य म्हणजे घनदाट जंगल असेल. पण इथे तर आपल्यासारखाच माळ! पिवळे पडत आलेले गवत, मधून मधून बाभळी, बोरी आणि हिवराची झाडे. तिथे वनखात्याचे एक काका होते. ते म्हणाले, "माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे. गवत हेच यांचं घर. दाट झाडीत काळवीट राहत नाही. त्याला लांबवर दिसलं पाहिजे आणि पळायला मोकळी जागा पाहिजे."

काकांनी आम्हाला गप्प उभे केले आणि बोट दाखवले. गवतात वीसेक हरणी चरत होत्या. त्यांच्या मध्ये एक काळाभोर नर मान वर करून चालत होता. मी वही काढली आणि काकांनी सांगितलेले टिपून घेतले. ते असे :

१) आपण सगळ्यांनाच हरीण म्हणतो. पण चितळ, सांबर ही खरी हरणे. त्यांच्या नराच्या शिंगांना फाटे असतात आणि ती गळून पुन्हा नवी येतात. काळविटाच्या शिंगांना फाटे नसतात, ती पिळदार असतात आणि जन्मभर राहतात. काळवीट हे गाय, शेळी, मेंढी यांच्या कुळातले आहे.

२) पूर्ण वाढलेला नर वरून काळा, पोटाखाली पांढरा असतो. डोळ्यांभोवती पांढरे कडे असते. मादी तांबूस पिवळी असून तिला बहुधा शिंगे नसतात. लहानपणी नरही मादीच्याच रंगाचा असतो, वय वाढेल तसा काळा होतो.

३) नर आपली हद्द राखतो. तो एकाच जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतो. तो ढीग म्हणजे त्याचा बांधाचा दगडच!

४) काळवीट ताशी सुमारे ८० किलोमीटर वेगाने पळू शकते. कळप बिचकला की आधी उंच उड्या मारतो, मग पळतो.

५) मादी सुमारे सहा महिने गाभण असते आणि बहुधा एकच पाडस देते. पाडसाला पहिले काही दिवस कळपाबरोबर पळता येत नाही. म्हणून आई त्याला गवतात लपवून ठेवते आणि लांब चरायला जाते. दूध पाजायला तेवढी परत येते. पाडस हालचाल न करता पडून राहते. तेच त्याचे संरक्षण.

पाचवा मुद्दा लिहिताना माझा हात थांबला.

गेल्या वर्षी हरभऱ्याच्या काढणीच्या वेळी मला बांधाच्या गवतात एक पाडस सापडले होते. जवळ कोणी नव्हते. मला वाटले, आईने टाकून दिले. मी ते उचलून घरी आणले. आजी म्हणाली होती, "आरं, ठिव जा जागंवर. त्याची आय यील." पण मी ऐकले नाही. बहिणीने त्याचे नाव सोनी ठेवले. आम्ही त्याला बाटलीने गाईचे दूध पाजले. त्याला हगवण लागली आणि तिसऱ्या दिवशी ते मेले.

ते दोन्ही दिवस संध्याकाळी बांधाजवळ एक हरणी येऊन उभी राहत होती. अण्णांना वाटले, हरभरा खायला येते. त्यांनी डबा वाजवून तिला हाकलले. मीही ओरडलो होतो.

हे मी काकांना सांगितले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "बाळ, बरेच जण असंच करतात. पाडस एकटं दिसतं, पण एकटं नसतं." १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळवीट पकडायला, पाळायला किंवा मारायला बंदी आहे, असेही त्यांनी सांगितले.

मग अण्णांनी विचारले, "साहेब, सगळं खरं. पण आमची कोवळी ज्वारी खातात, त्याचं काय?" काका म्हणाले, "माळ नांगरले गेले, गवत कमी झालं, म्हणून ती शेतात येतात. नुकसान झालं की लगेच वनखात्याकडे अर्ज करा. पंचनामा झाला की भरपाई मिळू शकते." अण्णा म्हणाले, "अर्ज करीन. पण रात्र जागायची ती जागावीच लागणार." यावर काका काही बोलले नाहीत.

परत येताना बहिणीने विचारले, "मग ती हरणी सोनीची आई होती का?" कोणीच उत्तर दिले नाही. थोड्या वेळाने आजीने तिला मांडीवर घेतले.

मित्रांनो, आपल्या शिवारातही काळवीट आहेत. पाडस दिसले तर हात लावू नका. तिथे गर्दी करू नका, नाहीतर आई जवळ येत नाही. कुत्री लांब ठेवा. पाडस जखमी असेल तर मोठ्या माणसांना सांगून वनखात्याला कळवा. भित्तिपत्रक पाहायला आलेल्या पालकांनाही माझी हीच विनंती आहे.

सांगा पाहू :
१) चितळाच्या आणि काळविटाच्या शिंगांत फरक कोणता?
२) काळवीट दाट जंगलात का राहत नाही?
३) गवतात एकटे पाडस दिसले तर तुम्ही काय कराल?

– इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी