वेबसाइटचा सर्व्हर: कशाचे पैसे द्यायचे, कशाचे नाही

जळगावच्या सराफ बाजारात तुमची पेढी असो, रावेरला केळीचा व्यापार असो की दोंडाईचा बाजारात मिरचीची अडत. वेबसाइटचे कोटेशन हातात आले की आधी ‘सर्व्हर सॉफ्टवेअर लायसन्स’ ही ओळ शोधा. तिच्यापुढे रक्कम असेल तर विचारा, कुठले सॉफ्टवेअर? अपाचे किंवा साधे एनजिनएक्स असे उत्तर आले, तर ती रक्कम खोडायला लावा. दोन्ही मुक्त स्रोत आहेत, लायसन्स शून्य रुपये. अपाचे 1995 पासून, एनजिनएक्स 2004 पासून वापरात आहे. बसवण्याची आणि सांभाळण्याची मजुरी मात्र रास्त आहे. ती त्याच नावाने बिलात यावी.

‘एनजिनएक्स प्लस’ विकतचे आहे, पण दुकानाच्या साइटला त्याची गरज नाही. ओपनलाइटस्पीड फुकट, विकतच्या लाइटस्पीडचाही एका साइटपुरता, 2 जीबी मेमरीपर्यंतचा परवाना फुकट मिळतो.

मायक्रोसॉफ्टच्या आयआयएसबाबत सावध राहा. ‘ते फुकट येते’ हे अर्धेच खरे. ते विंडोज सर्व्हरसोबत येते आणि विंडोज सर्व्हरचे लायसन्स प्रोसेसरच्या कोअरवर लागते. स्वतःच्या मशीनला किमान 16 कोअरचे. भाड्याच्या सर्व्हरवर ते भाड्यात मिसळते, म्हणून दिसत नाही. तुमचे स्टॉकचे किंवा बिलिंगचे काम जुन्या एएसपी डॉट नेटमध्ये असेल, तरच हा खर्च करा. नवे डॉट नेट लिनक्सवरही चालते.

खरे पैसे जातात ते इतर ओळींत. एसएसएल प्रमाणपत्राचे वेगळे पैसे मागतात. लेट्स एन्क्रिप्टचे फुकट मिळते आणि आपोआप नूतनीकरण होते. होस्टिंग सांभाळायचे सीपॅनेल हे सॉफ्टवेअर विकतचे आहे, आकार खात्यांच्या संख्येवर. पहिल्या वर्षाचा दर स्वस्त, रिन्युअल महाग. म्हणून तीन वर्षांचा एकूण आकडा लिहून घ्या. वर 18 टक्के जीएसटी: 10,000 च्या कामावर 1,800. नोंदणी असेल तर जीएसटी क्रमांक आधीच द्या, नाहीतर क्रेडिट अडते.

जुना सर्व्हर गळ्यात मारून घेऊ नका. सेंटओएस 7 चे अपडेट 30 जून 2024 ला थांबले, विंडोज सर्व्हर 2012 चे नेहमीचे अपडेट 10 ऑक्टोबर 2023 ला.

आणि सर्वांत महत्त्वाचे: डोमेन तुमच्याच नावावर, तुमच्याच ईमेल-मोबाइलवर घ्या. पडताळणीसाठी पॅन आणि पत्त्याचा पुरावा जवळ ठेवा. जळगावच्या गोलाणी मार्केटमधल्या ओळखीच्या माणसाकडून काम करून घेतले तरी डोमेन, होस्टिंग आणि सर्व्हरचे पासवर्ड काम संपताच ताब्यात घ्या. पासवर्ड त्याच्याकडेच राहिले, तर उद्या सर्व्हर बदलताना तो सांगेल ती किंमत. एरवी साइट हलवली की डीएनएस, म्हणजे डोमेनचा नवा पत्ता, सगळीकडे पोहोचायला जास्तीत जास्त दोन दिवस धरा.

फसवणूक झालीच तर 1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. सेवा स्वतःच्या उपजीविकेच्या स्वयंरोजगारासाठी घेतली असेल, तर जळगाव किंवा धुळ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगातही जाता येते, विकणारा पुण्या-मुंबईचा असला तरी. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल, तर तक्रारीला शुल्क नाही. कोटेशन, बिल आणि व्हॉट्सॲपवरचे बोलणे जपून ठेवा.