बर्फावरची शायनिंग

"आइस हॉकी म्हणजे बर्फावरची हॉकी ना?" हा प्रश्न आपल्याकडे ठरलेलाच. हो, तीच. फक्त तिथे चेंडूऐवजी 'पक' नावाची रबराची चकती असते, खेळाडूंच्या पायांत स्केट्स असतात आणि मैदानाला 'रिंक' म्हणतात. पण गोल कसा मारतात हा या लेखाचा विषय नाही. गोल मारून झाल्यावरची जी पाच-दहा सेकंदं असतात ना, त्यांचा हा अभ्यास आहे. आपल्या सिलॅबसमध्ये हे युनिट नाही, तेव्हा परीक्षेला येईल अशी भीती न बाळगता वाचा!

आधी थोडं बेसिक. एनएचएल ही उत्तर अमेरिकेतली सगळ्यात मोठी लीग. तिची रिंक २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद, म्हणजे साधारण ६१ बाय २६ मीटर. प्रत्येक टीमचे पाच स्केटर आणि एक गोलकीपर. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. या साठ मिनिटांत दोन्ही टीमचे मिळून सरासरी सहाच्या आसपास गोल होतात. बास्केटबॉलमध्ये मिनिटा-मिनिटाला बास्केट पडते, त्यामुळे तिथे प्रत्येक वेळी कोणी लोळण घेत नाही. इथे गोल दुर्मिळ, म्हणून आनंदही मोठा. शिवाय गोल झाला तरी मारणाऱ्याचा मोमेंटम संपलेला नसतो. अंगावरच्या पॅड-हेल्मेटसकट शंभर किलोच्या घरातला माणूस ताशी तीस किलोमीटरच्या वेगाने सरकत असतो. ती ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी! बहुतेक जण हात वर करतात, एक गुडघा उचलतात आणि काचेकडे जातात. चार साथीदार येऊन मिठी मारतात. मग बेंचवर बसलेल्या सगळ्यांच्या ग्लोव्हला ग्लोव्ह लावत रांगेने पुढे जातात. झालं. हे सभ्य सेलिब्रेशन, याबद्दल कोणाची तक्रार नसते.

तक्रार सुरू होते ती शोबोटिंगपासून. अमेरिकेत मिसिसिपी, ओहायो या नद्यांवर गावोगाव नाटकं-गाणी दाखवत फिरणाऱ्या बोटी असायच्या, त्या शोबोट. तमाशाचा तरंगता फडच म्हणा ना. त्यावरून खेळात गरजेपेक्षा जास्त दिखावा करणं म्हणजे शोबोटिंग. आपल्या हॉस्टेलच्या भाषेत, शायनिंग मारणं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे या सगळ्या प्रकाराला 'शोइंग ऑफ' हा एकच शब्द होता आणि शिक्षाही एकच, वर्गाबाहेर उभं राहणं. मराठीत मात्र शब्दांची चंगळ आहे. जल्लोष वेगळा, भाव खाणं वेगळं, माज वेगळा आणि खिजवणं तर अगदीच वेगळं. माझं म्हणणं असं, की आइस हॉकीत वर्षानुवर्षं जे वाद चाललेत, त्यातले निम्मे तरी या चार गोष्टी एकाच पोत्यात भरल्यामुळे झालेत.

आता उदाहरणं घेऊ. टायगर विल्यम्स हा टोरांटो मेपल लीफ्सचा लाडका दांडगोबा. एनएचएलच्या रेग्युलर सीझनमध्ये सर्वांत जास्त पेनल्टी मिनिटं याच्या नावावर आहेत, ३,९७१! साठने भागलं तर अख्ख्या छासष्ट मॅचेस हा माणूस पेनल्टी बॉक्समध्ये नुसता बसून होता. फेब्रुवारी १९८० मध्ये टोरांटोने त्याला व्हँकुव्हरला देऊन टाकलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो पाहुण्या टीमकडून टोरांटोला आला, गोल मारला आणि स्टिक दोन पायांत घेऊन, लहान मुलं काठीचा घोडा करतात तसा, रिंकवरून दौडत गेला. ज्यांनी घराबाहेर काढलं त्यांच्याच अंगणात ही वरात! माज होता का? थोडा होता. पण त्यात स्वतःचंच हसू करून घेण्याचा भाग जास्त होता, म्हणून आजही ते फुटेज बघताना राग येत नाही.

यापेक्षा चांगलं उदाहरण म्हणजे दोन बंदुका. पहिली टीमू सेलानेची. फिनलंडचा हा पोरगा विनिपेग जेट्सकडून पहिलाच सीझन खेळत होता. २ मार्च १९९३ रोजी त्याने सीझनमधला ५४ वा गोल मारला आणि माइक बॉसीचा, नवख्या खेळाडूच्या ५३ गोलांचा विक्रम मोडला. (पुढे त्या सीझनमध्ये त्याने ७६ पर्यंत मजल मारली.) गोल झाल्याबरोबर त्याने एक ग्लोव्ह काढून हवेत उंच फेकला, स्टिक बंदुकीसारखी धरली आणि उडत्या ग्लोव्हची शिकार केली. सगळं स्टेडियम वेडं झालं.

दुसरी बंदूक डिसेंबर २०११ ची, न्यूयॉर्कमधली. रेंजर्सच्या आर्टेम अनिसिमोव्हने टँपा बे लाइटनिंगविरुद्ध गोल केला. तोही आपली टीम पेनल्टीमुळे एका माणसाने कमी असताना, म्हणजे कौतुकाचाच गोल. त्यानेही स्टिक बंदुकीसारखी धरली, पण नेम धरला तो टँपाच्या गोलच्या दिशेने. पुढच्या क्षणी टँपाचे खेळाडू त्याच्या अंगावर धावून गेले आणि बर्फावर मारामारी जुंपली. नंतर अनिसिमोव्हने माफीसुद्धा मागितली.

स्टिक तीच, अभिनय तोच. आपल्या भाषेत सांगायचं तर मॅग्निट्यूड सारखं, डायरेक्शन वेगळी. आनंद ही स्केलर राशी नाही, व्हेक्टर आहे! एकाचा बाण आकाशाकडे होता, दुसऱ्याचा समोरच्या माणसाकडे. कॅम्पस इंटरव्ह्यूच्या दिवसांत हे गणित हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्येही दिसतं. ऑफर मिळाली म्हणून मेसमध्ये पेढे वाटणं वेगळं, आणि जिला त्याच कंपनीने दुसऱ्या राउंडला बाहेर काढलं तिच्या दारासमोर ताट बडवणं वेगळं. आवाज तेवढाच असतो.

आता घसरगुंडीकडे येऊ, कारण हा प्रकार फक्त बर्फावरच होऊ शकतो. १९९१ च्या प्लेऑफमध्ये कॅल्गरी फ्लेम्स विरुद्ध एडमंटन ऑइलर्स, सिरीजची सहावी मॅच, एडमंटनच्या रिंकवर. हरले तर कॅल्गरी घरी जाणार. ओव्हरटाइममध्ये थिओ फ्लुरीने मार्क मेसियरचा पास मधेच पकडला आणि गोल मारला. फ्लुरीची उंची जेमतेम पाच फूट सहा इंच, या राक्षसांच्या खेळात तो म्हणजे लिंबूटिंबूच. गोल झाल्यावर तो धावत सुटला, गुडघ्यांवर घसरला, पाठीवर उलथला आणि फिरत फिरत पार पलीकडच्या भिंतीपर्यंत गेला. मागे अख्खी टीम!

आकडेमोड करून बघा. वेग ८ मीटर प्रति सेकंद धरला आणि कपडे-पॅड व बर्फ यांच्यातला घर्षण गुणांक ०.१ धरला, तर थांबेपर्यंतचं अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले दोन म्यू जी, येतं जवळजवळ ३३ मीटर. म्हणजे अर्ध्या रिंकपेक्षा जास्त. हाच माणूस ०.६ गुणांकाच्या कोरड्या मैदानावर घसरला असता तर साडेपाच मीटरमध्ये थांबला असता आणि गुडघे सोलून निघाले असते ते वेगळंच. फुटबॉलवाल्यांची घसरगुंडी म्हणून आखूड असते.

गंमत पुढे आहे. जानेवारी २०१३, त्याच इमारतीत (फक्त तोवर तिचं नाव बदललं होतं) एडमंटनच्या नेल याकुपोव्ह या रशियन पोराने लॉस एंजेलिसविरुद्ध ४.७ सेकंद उरलेले असताना बरोबरीचा गोल मारला आणि फ्लुरीसारखाच गुडघ्यांवर घसरत गेला. फ्लुरीच्या वेळी सगळे डोळे पुसत होते, याकुपोव्हच्या वेळी काही टीव्हीवरच्या पंडितांनी नाकं मुरडली. एवढं काय झालं, सीझन आत्ता तर सुरू झालाय, नुसती बरोबरीच तर झालीये! मुद्द्यात थोडं तथ्य आहे. पण एकोणीस वर्षांच्या मुलाला घरच्या प्रेक्षकांसमोर पाच सेकंदं उरलेली असताना गोल मिळाला, तर त्याने काय रजिस्टरवर सही करून जागेवर जाऊन बसायचं? त्याचा बाण कोणाच्याही दिशेने नव्हता. (आणि फ्लुरीच्या त्या घसरगुंडीनंतर काय झालं? सातव्या मॅचमध्ये ओव्हरटाइमला एडमंटन जिंकलं आणि कॅल्गरी घरी गेलंच. हे कोणाला आठवत नाही.)

नाकं मुरडणाऱ्यांचे मुख्याध्यापक म्हणजे डॉन चेरी. २०१९ पर्यंत कॅनडाच्या टीव्हीवर मॅचच्या मध्यंतरात बोलणारे, झगमगीत कोट घालणारे माजी कोच. स्वतःचे कोट एवढे भडक आणि दुसऱ्यांना उपदेश साधेपणाचा! त्यांचा राग मुख्यतः अलेक्झांडर ओव्हेचकिनवर. वॉशिंग्टनचा हा रशियन खेळाडू गोल झाला की काचेवर उडी मारायचा. मुलांनो, असं करू नका, हा चेरींचा उपदेश. त्यानंतर थोड्याच दिवसांत, १९ मार्च २००९ ला टँपाच्या रिंकवर ओव्हेचकिनने सीझनमधला ५० वा गोल मारला, स्टिक बर्फावर ठेवली आणि शेकोटीवर हात शेकावेत तसा अभिनय केला. स्टिक तापलीये म्हणे! हे मात्र भाव खाणं होतं, शंभर टक्के. टँपाचे कोच चिडले, आणि ओव्हेचकिनचा साथीदार माइक ग्रीननेही त्या नाटकात भाग घेतला नाही. मला स्वतःला ते फार आवडलं नाही. उत्स्फूर्त नव्हतं, गॅदरिंगच्या स्किटसारखं बसवलेलं वाटलं.

पण त्याच ओव्हेचकिनने ६ एप्रिल २०२५ ला ८९५ वा गोल मारून वेन ग्रेट्स्कीचा ८९४ गोलांचा विक्रम मोडला, तेव्हा ३९ वर्षांचा तो बाप्या लहान मुलासारखा पोटावर बर्फात झोकून सरकत गेला. समोर स्वतः ग्रेट्स्की होता. तोही परक्याच रिंकवर होता, पण यावेळी कोणाला काही खुपलं नाही.

कॅरोलिना हरिकेन्सची गोष्ट थोडक्यात. २०१८-१९ च्या सीझनमध्ये घरची मॅच जिंकली की मॅच संपल्यावर हे लोक बर्फावर छोटे प्रवेश करायचे, कधी खेळाडूच बोलिंगच्या पिना होऊन आडवे पडायचे. चेरींनी त्यांना टीव्हीवर 'मूर्खांचा कंपू' अशा अर्थाचं काहीतरी म्हटलं. टीमने काय करावं? तेच शब्द टी-शर्टवर छापून विकले! याला म्हणतात हजरजबाबीपणा.

इथवर सगळं हसण्यावारी आहे. आता ज्यात माणसाच्या तोंडावर स्टिक बसली ते प्रकरण.

आधी एक तांत्रिक गोष्ट. मॅचची शेवटची एक-दोन मिनिटं उरली आणि आपण एका गोलाने मागे असलो, की कोच गोलकीपरला बाहेर बोलावतो आणि त्याच्या जागी जादा स्केटर पाठवतो. जुगारच तो. पक समोरच्यांच्या हाती लागला तर आपला गोल सताड उघडा. अशा रिकाम्या गोलवर कसा गोल मारायचा याचा अलिखित नियम असा, की जवळ असाल तर पक हळूच सरकवा आणि निघा. हरलेल्याच्या जखमेवर मीठ नको. उगाच टेचातही राहू नका, कारण पकचा भरवसा नाही. पक व्हल्कनाइज्ड रबराचा, उसळू नये म्हणून मॅचआधी गोठवलेला असतो, पण बर्फ खरवडला गेला की तोही टुणकन उडतो. जानेवारी २००७ मध्ये डॅलसचा पॅट्रिक स्टेफान एडमंटनच्या रिकाम्या गोलसमोर एकटा होता, सोबत कोणी नाही. पक स्टिकवरून उडाला, स्टेफान पडला, एडमंटनवाले पक घेऊन उलट पळाले आणि दोन सेकंदं उरलेली असताना बरोबरी केली! (शेवटी शूटआउटमध्ये डॅलस जिंकलं म्हणून बिचारा वाचला.) त्याला अनेकांनी माजोरडा म्हटलं. मला तो फक्त कमनशिबी वाटतो.

१० फेब्रुवारी २०२४. ओटावा विरुद्ध टोरांटो, ओटावाच्या रिंकवर, स्कोअर ४-३. शेवटची काही सेकंदं. ओटावाचा एकवीस वर्षांचा रिडली ग्रीग पक घेऊन रिकाम्या गोलपाशी आला. हळूच ढकलायचं सोडून त्याने स्टिक मागे नेली आणि अगदी तोंडाशी येऊन पूर्ण ताकदीचा स्लॅप शॉट हाणला. उंदराला तोफ! टोरांटोचा मॉर्गन रायली मागून आला आणि त्याने दोन्ही हातांनी धरलेली स्टिक ग्रीगच्या डोक्यावर हाणली. रायलीला पाच मॅचेसची बंदी झाली. अपील केलं, पण कमिशनर गॅरी बेटमन यांनी ती कायम ठेवली. त्याआधी कारकिर्दीत रायलीवर कधीही बंदी आलेली नव्हती, म्हणजे सरळमार्गी माणूस.

ग्रीगने लिखित नियम एकही मोडला नाही. रायलीने मोडला. अलिखित नियमाचा हिशोब बरोबर उलटा. माझ्या मते ग्रीगचा तो शॉट माज नव्हता, भाव खाणंही नव्हतं, ते सरळसरळ खिजवणं होतं, बाण थेट समोरच्यांच्या छातीवर. पण खिजवण्याची शिक्षा डोक्यावर स्टिक ही कशी असू शकते? अलिखित नियमाची खरी अडचण हीच आहे. त्यात गुन्हा कोणता ते सगळ्यांना पाठ असतं, शिक्षा किती ते कुठेच लिहिलेलं नसतं. ज्याला जेवढा राग येईल तेवढी.

टोरांटोला राहणारा माझा आत्तेभाऊ लीफ्सचा कट्टर भक्त. (१९६७ नंतर स्टॅन्ली कप न जिंकलेल्या टीमची भक्ती करायला काय सोशीकपणा लागत असेल!) त्याला मी फोनवर हे सगळं ऐकवलं. तो म्हणाला, "अगं, तुझं व्हेक्टर-बिक्टर ठीक आहे, पण तिथे बसून बघितलं असतंस तर तूही खुर्ची फेकली असतीस."

मी विचारलं, "दादा, त्याने पक हळूच सरकवला असता तर तुम्ही मॅच जिंकला असतात का?"

"नाही," तो म्हणाला, "पण रात्री झोप लागली असती."