माळढोक, माळरान आणि घराची परवानगी

मित्रांनो, घर बांधायचे म्हटले की आपल्या सिव्हिलवाल्यांच्या डोक्यात आधी प्लॅन येतो, मग एस्टिमेट. पण खेड्यात पहिला प्रश्न असतो तो, "इथे बांधता येईल का?" गावठाणात जागा उरत नाही आणि बाहेरची जमीन शेतीची. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 मुळे बिगरशेती म्हणजे 'एनए' हा शब्द खेडोपाडी पोचला. आमच्या श्रीगोंदा तालुक्यात मात्र त्यावर आणखी एक बंधन आले, आणि तेही एका पक्ष्यासाठी!

तो पक्षी म्हणजे माळढोक. नराचे वजन 15 किलोपर्यंत जाते. मादी उघड्या माळावर, जमिनीवरच, बहुधा एकच अंडे घालते. म्हणून त्याला मोकळे, शांत गवताळ रान लागते. त्याच्या रक्षणासाठी 1979 मध्ये अभयारण्य जाहीर झाले. त्यात सोलापूर जिल्ह्यातील उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा आणि तेव्हाच्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील कर्जत, श्रीगोंदा, नेवासा या तालुक्यांचा भाग आला. एकूण क्षेत्र सुमारे 8,496 चौ. किमी, म्हणजे दोन गोवे मावून वर जागा उरेल एवढे!

आता एवढ्या हद्दीत नुसते माळ थोडेच असणार? गावे, वाड्या, रस्ते, विहिरी, बागायत सगळेच आत आले. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या कलम 20 प्रमाणे अभयारण्याची अधिसूचना निघाली की त्या जमिनीत वारसाहक्काशिवाय नवा हक्क मिळवता येत नाही. त्यामुळे खरेदी-विक्री आणि एनए दोन्ही अडचणीत आले. भाऊ वेगळे झाले, पोरांची लग्ने झाली, तरी स्वतःच्या शेतात चार खोल्या काढायच्या तर कागद पुढे सरकेना. हद्द कमी करणेही सोपे नव्हते. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर 2000 च्या आदेशाने त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागू लागली. अखेर 2012 मध्ये क्षेत्र सुमारे 1,222 चौ. किमीवर आले. तब्बल तेहेतीस वर्षांनी!

बरं, एवढे करून पक्षी तरी वाचला का? नाही. महाराष्ट्रातून तो जवळजवळ दिसेनासा झाला. देशात उरलेले बहुतेक माळढोक आज राजस्थानात, जैसलमेरच्या बाजूला आहेत. माझ्या मते गोम इथेच आहे. घोड आणि कुकडीच्या कालव्यांचे पाणी आले, माळ नांगरले गेले, ऊस उभा राहिला. कागदावर घर अडले, पण ऊस कोणी अडवला नाही. म्हणजे बंधन एकीकडे आणि माळाचा ऱ्हास दुसरीकडे! शिवाय ज्या पक्ष्यामुळे घर अडले, त्याच्याबद्दल शेतकऱ्याला माया कशी वाटणार?

म्हणून बंधनेच नकोत, असे मी म्हणणार नाही. नदीच्या पूररेषेत घर नको, हे भीमाकाठच्या माणसाला सांगावे लागत नाही. कारण डोळ्यांसमोर असले की माणूस नियम पाळतो. पण हद्द आखण्याआधी गवत कुठे, अंडी कुठे, वस्ती कुठे याचा सर्व्हे हवा. गावाला विचारायला हवे. ज्याची जमीन अडते त्याला मोबदला हवा.

मित्रांनो, उद्या आपल्यापैकी कोणीतरी नगररचना खात्यात बसून नकाशावर अशीच रेघ ओढणार आहे. ती ओढण्याआधी एकदा त्या शिवारात पायी फिरून या. कागदावरची एक मिलिमीटरची रेघसुद्धा जमिनीवर कुणाच्या तरी ओट्यावरून जाते.