अर्धावभेदक : हेतू कोणता, पूर्वरूप कोणते?

अर्धशिशीचा रुग्ण चिकित्सालयात येतो तो बहुधा स्वतःचे निदान करूनच. दही खाल्ले की डोके धरते, गोड जास्त झाले की दुखते, मान आखडली की कपाळ ठणकू लागते, अशी यादी त्याच्या मुखी तयार असते. आपण ती तशीच अपथ्याच्या कागदावर उतरवून देतो, आणि चूक तेथेच होते.

निदानपंचकात हेतू आणि पूर्वरूप यांना स्वतंत्र स्थान आहे. अर्धशिशीत वेदना सुरू होण्यापूर्वी काही तास, क्वचित एक-दोन दिवस आधीपासून जांभया, थकवा, चिडचिड, मानेचा ताठरपणा आणि गोडाची तीव्र इच्छा ही लक्षणे अनेक रुग्णांत आढळतात. म्हणजे पेढा खाल्ल्यामुळे वेग आला असे नसून, वेगाचा आरंभ झालाच होता म्हणून पेढा खावासा वाटला, असेही संभवते. मानेचेही तेच. पूर्वरूपाला हेतू समजून एकेक पदार्थ वर्ज्य करीत गेल्यास रुग्णाचे जेवण तुटपुंजे व अवेळी होते, आणि ते मात्र खरोखरच हेतू ठरते.

चरकाचार्यांनी सिद्धिस्थानाच्या नवव्या अध्यायात या व्याधीचे जे हेतू सांगितले त्यांत रूक्ष अन्न, अध्यशन, पूर्वेचा वारा, दव, आयास आणि वेगधारण यांचा समावेश आहे. वेगधारण म्हटले की आपले लक्ष मलमूत्राकडे जाते. परंतु अधारणीय वेगांत क्षुधा, तृष्णा आणि निद्रा हेही आहेत. भूक मारणे, पाणी टाळणे, जागरण करणे ही आजच्या अर्धशिशीची सर्वपरिचित कारणे त्या एका शब्दात सामावतात. सुश्रुतांनी उत्तरतंत्रात हा व्याधी दहा दिवसांनी, पंधरवड्याने अथवा अकस्मात उद्भवतो असे नोंदविले आहे. पंधरवड्याने दुखणाऱ्या रुग्णाला मी प्रथम एकादशीचा उपवास विचारतो.

सुमारे चौतीस वर्षे वयाच्या एका शिक्षिकेचे उदाहरण देतो. शेंगदाण्यांमुळे डोके दुखते असा तिचा ठाम समज होता, कारण साबुदाण्याची खिचडी खाल्ली की सायंकाळी वेग येई. तीन महिने नोंदवही ठेवावयास सांगितली. तीत दिनांक व तिथी, जेवणाच्या व झोपेच्या वेळा, मासिक पाळीचा दिवस, जांभया केव्हा सुरू झाल्या, वेदना केव्हा, आणि घेतलेली प्रत्येक गोळी. संशयित पदार्थ खाऊनही डोके दुखले नाही असे दिवसही आवर्जून लिहावयास सांगितले. रुग्ण ते कधीच सांगत नाहीत आणि निर्णय त्यांवरच होतो. शेंगदाण्याची चटणी ती एरवी आठवड्यातून तीनदा निर्वेध खात होती. वेग येत ते संकष्टीला, चंद्रोदयापर्यंत पोट रिते राहिल्याने, आणि पाळीच्या आदल्या दोन दिवसांत.

परंतु त्या वहीतील महत्त्वाचा रकाना शेवटचा निघाला. महिन्यातील सोळा-सतरा दिवस ती दुकानातून आणलेली संयुक्त वेदनाशामक गोळी घेत होती. अशा संयुक्त गोळ्या महिन्यात दहा किंवा अधिक दिवस, तसेच साधी पॅरासिटामोलसारखी गोळी पंधरा किंवा अधिक दिवस, तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्यास औषधामुळेच डोकेदुखी जडते, हे आता सर्वमान्य आहे. तेथे हेतू औषधच असतो. काउंटरवर बसलेल्या आपल्या दुकानदार बंधूंना हे वैद्याआधी कळू शकते. तोच ग्राहक आठवड्यात दुसऱ्यांदा पट्टी मागू लागला, तर 'महिन्यात किती दिवस लागते?' एवढे विचारावे.

गोळ्या बंद केल्यावर पहिले काही दिवस वेदना वाढते. ही कल्पना आधी दिली नाही तर रुग्ण चौथ्या दिवशी पुन्हा दुकानात दिसतो आणि दोष आपल्या काढ्याला येतो. कोडीनसारखे अफूजन्य घटक असलेली औषधे एकाएकी बंद करू नयेत. मज्जाविकारतज्ज्ञांनी वेग टाळण्यासाठी दिलेली रोजची औषधेही आपल्या अधिकारात थांबवू नयेत. सदर रुग्णेच्या बाबतीत तज्ज्ञांशी बोलूनच गोळ्या थांबविल्या. सोबत पथ्यादि क्वाथ आणि अणुतैलाचे प्रतिमर्श नस्य दिले. उपवास सोडावयास सांगितले नाही. तसे सांगितले असते तर ती पुन्हा आली नसती. दुपारी दूध व राजगिऱ्याची लाही, चार वाजता फळ, पाणी वेळोवेळी, एवढाच बदल केला. पुढील तीन महिन्यांत वेदनेचे दिवस महिन्याला चार-पाचवर आले. यात क्वाथाचा वाटा किती, नस्याचा किती आणि गोळ्या सुटल्याचा किती, हे एका रुग्णावरून मला सांगता येणार नाही. पाळीपूर्वीचा वेग अद्याप येतो.

नोंदवहीची वाट पाहू नये असेही रुग्ण असतात. क्षणार्धात पराकोटीला गेलेली डोकेदुखी, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली, ज्वरासह मान ताठ होणे, हातापायांत दुर्बलता, वाणीत अडखळणे यांपैकी काहीही असल्यास रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. वेदनेपूर्वी डोळ्यांपुढे नागमोडी प्रकाशरेषा दिसणाऱ्या स्त्रीस गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का, हे अवश्य विचारावे. इस्ट्रोजेनयुक्त गोळ्यांनी अशा स्त्रियांत पक्षाघाताचा धोका वाढतो, म्हणून तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पर्यायी उपायासाठी पाठवावे.