ग्रीष्मचर्येतील आपण वगळलेला भाग

ग्रीष्म हा आदानकालातील अखेरचा ऋतू. सूर्याच्या तीक्ष्ण किरणांनी सृष्टीतील स्नेहांश शोषला जातो, शरीरबल क्षीण होते आणि रूक्षतेमुळे वाताचा संचय होऊ लागतो. शास्त्राने ज्येष्ठ व आषाढ हे ग्रीष्माचे मास सांगितले असले, तरी आषाढात आपल्याकडे पाऊस असतो. त्यामुळे ग्रीष्मचर्या वैशाखातच सुरू करावी लागते. येथे पंचांगापेक्षा लक्षणांवर भिस्त ठेवलेली बरी.

रुग्णपत्रिकेवर आपण मधुर, शीत, द्रव, स्निग्ध आहार लिहितो. लवण, अम्ल व कटू रस, व्यायाम आणि ऊन वर्ज्य करतो. दुपारच्या निद्रेस अनुमती देतो. या दिवसांत प्रवाळपिष्टी, कामदुधा, उशीरासव, गुलकंद यांना मागणी वाढते, हे औषधविक्रेते बंधू जाणतातच. मात्र चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सहाव्या अध्यायात मंथ, दूध व भात यांच्या लगोलग चंद्रकिरणांनी शीतल झालेली गच्ची, थंड वनराई, जल आणि फुले यांचेही सेवन सांगितले आहे. ते आपण काव्य समजून सोडून देतो.

प्रस्तुत लेखकानेही वीस वर्षे तेच केले. गतवर्षी वैशाखात अनिद्रेची एक रुग्णा आली. कधी नव्हे तो मी चांदण्यात बसण्याचा उल्लेख केला, तेव्हा तिने विचारले, "कधी बसू, डॉक्टर? गच्चीला कुलूप असतं." "वेळ मिळेल तेव्हा," असे मी त्रासून म्हणालो. बाहेर पंधरा जण ताटकळत होते. ती निमूटपणे उठून गेली. सोलापूरच्या त्या उकाड्यात मलाही तीन महिने धड झोप नव्हती, अम्लपित्त बळावले होते आणि बोलण्यात तीक्ष्णता आली होती. वाग्भटाचार्यांनी त्याज्य रुग्णांत व्यग्र आणि कृतघ्न यांची गणना केली आहे. त्या रात्री वाटले, ही दोन्ही विशेषणे आज वैद्यालाच लागू पडत आहेत.

पत्नीच्या आग्रहास्तव आठ दिवस चिकित्सालय बंद ठेवून तिच्या माहेरी गुहागरला गेलो. तेथे घरामागे नारळी-पोफळीची वाडी आणि वाडी संपली की थेट समुद्र. दुपारी जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरील हवा वर जाते आणि समुद्रावरून खारा वारा आत येतो. रात्री हाच क्रम उलटून मतलई वारा वाहतो. सासरे ऐंशीच्या घरातले. सूर्य कलला की ते वाडीच्या टोकाशी पडलेल्या माडाच्या खोडावर जाऊन बसत. पहिले दोन दिवस मी शेजारी बसून घड्याळच पाहत होतो. तासाभराने उठताना ते रोज एकच वाक्य म्हणत, "आज वारा छान मिळाला." आपण 'वारा सुटला' म्हणतो. त्यांच्या 'मिळाला' या शब्दाने मी थबकलो.

आम्ही पोहोचलो त्या दिवशी शुद्ध अष्टमी होती. भांगाची भरती, पाण्याला फारसा जोर नव्हता. भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. पौर्णिमेपर्यंत सायंकाळची भरती सरकत मध्यरात्रीकडे गेली आणि संध्याकाळी ओल्या वाळूचा रुंद पट्टा उघडा पडू लागला. अनवाणी त्यावरून चालावे, परतल्यावर वेलचीचे पन्हे घ्यावे, लवकर जेवावे. पाचव्या रात्री सलग सहा तास झोप लागली. याचे श्रेय हवेला द्यावे, विश्रांतीला की आहाराला, हे एका व्यक्तीच्या अनुभवावरून ठरविता येणार नाही.

काही व्यावहारिक सूचना आवश्यक आहेत. समुद्रकिनारा हा आनूप देश आहे. आमवात व तमकश्वासाच्या रुग्णांस पहाटेची दमट हवा मानवेलच असे नाही. कोकमाचे आगळ मिठात केलेले असते, म्हणून उच्च रक्तदाब असणाऱ्यांस ते सरसकट सुचवू नये. अमृतकोकमात साखर भरपूर असते. मधुमेहींना तेही नको. खाऱ्या पाण्यातील स्नानानंतर गोड्या पाण्याने अंग धुऊन खोबरेल लावल्यास त्वचेची रूक्षता कमी राहते.

अर्थात प्रत्येक रुग्णाला गुहागरला कसे पाठविणार? परतल्यावर त्या रुग्णेला निरोप धाडून बोलावले व प्रथम क्षमा मागितली. औषधात बदल केला नाही. रुग्णपत्रिकेवर मात्र तिच्या गृहसंस्थेच्या चिटणिसांसाठी एक ओळ लिहिली: 'रुग्णेस रात्री साडेआठ ते साडेनऊ गच्चीवर बसणे उपचारार्थ आवश्यक आहे.' शिक्का मारला, सही केली.

पुढील खेपेस ती आली तेव्हा झोपेविषयी विचारण्याआधीच म्हणाली, "डॉक्टर, किल्ली मिळाली. आता आम्ही चौघीजणी बसतो."